टाकीवरचं सील

मिस्त्रीकाकांचा विषय निघाला की माझा नवरा उठतो आणि चहा ठेवायला जातो. पुढचा अर्धा तास मी काय काय बोलणार आहे हे त्याला आता पाठ झालंय. चार वर्षं होऊन गेली, पण माझा राग काही उतरलेला नाही. मध्यंतरी एक मैत्रीण म्हणाली, इतका राग तब्येतीला बरा नाही. तिला म्हटलं, तू एकदा त्या माणसाच्या हाताखाली काम करून बघ, मग बोलू. कागदोपत्री खरं तर तेच माझ्या हाताखाली होते.

आमची कंपनी पुण्याची. नद्यांचे आणि खाड्यांचे तळ मोजायचे, कुठे किती गाळ साचलाय त्याचे नकाशे करून द्यायचे, हा धंदा. कोलकात्याला आमची छोटी शाखा होती. बालिगंजला दोन खोल्यांचं ऑफिस, आणि बजबजला हुगळीच्या काठावर एक जेट्टी, पत्र्याची शेड आणि तीन फायबरच्या बोटी. प्रत्येक बोटीच्या पाठीमागे बाहेरून अडकवलेली एक आउटबोर्ड मोटार. मला दीड वर्षासाठी शाखाप्रमुख करून पाठवलं तेव्हा माझी मुलगी पहिलीत होती. ती आणि नवरा पुण्यातच राहिले. निघताना मोठ्या साहेबांनी मला दोन गोष्टी बजावल्या. एक, बोटींमधून पेट्रोल चोरीला जातं, ते थांबवा. दोन, शेडमध्ये एक मराठी मिस्त्री आहेत, तीस वर्षं तिकडेच आहेत, त्यांच्या नादी लागू नका.

शेडमधले सगळे त्यांना बोडोमिस्त्री म्हणत, म्हणजे थोरले मिस्त्री. मी मिस्त्रीकाका म्हणायचे. मूळचे जत तालुक्यातले. पाण्याच्या टँकरमागे धावण्यात ज्याचं लहानपण गेलं तो माणूस हुगळीच्या काठावर बोटींच्या मोटारी दुरुस्त करायला कसा येऊन पडला, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. विचारलं की "रेल्वेनं आलो" एवढंच म्हणायचे. त्यांना पोहता येत नव्हतं. पाण्याची त्यांना धडकी भरायची आणि ती ते लपवतही नसत. सकाळी फाटकातून आत आले की खुंटीवरचं नारिंगी लाइफ जॅकेट अंगात चढायचं, ते संध्याकाळी फाटकाबाहेर पडतानाच उतरायचं. जॅकेट घालून जेवायचे. जॅकेट घालून चहाच्या टपरीवर उभे राहायचे, नदीपासून शंभर पावलांवर. त्यांनी बोटीत पाय ठेवलेला कोणीही पाहिला नव्हता. मोटार बिघडली की ती बोटीवरून उतरवायची, शेडमध्ये आणायची, पाण्याने भरलेल्या पिंपाला अडकवायची, मग हे तिच्याजवळ येणार.

त्यांचं घर बाउरियाला होतं, म्हणजे नदीच्या जवळजवळ समोरच. बजबजहून फेरीबोटीने मोजकी मिनिटं. पण हा माणूस बाउरियाहून लोकलने हावड्याला जायचा, तिथून बसने पूल ओलांडून सियालदहला यायचा, आणि सियालदहहून बजबज लोकल पकडायचा. येताना अडीच तास, जाताना अडीच तास. मी एकदा म्हटलं, "मिस्त्रीकाका, अर्धं आयुष्य गेलं की तुमचं रस्त्यात."

"गेलं ना," ते म्हणाले, "बुडालं तर नाही."



पहिल्याच दिवशी त्यांनी माझी फजिती केली. मी पुण्यात दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आले होते, धरणाच्या पाण्यात बोटही चालवली होती. मॅडमना मोटार चालू करता येते हे शेडमधल्या सात-आठ जणांना दिसावं या हौसेने मी पिंपाला लावलेल्या मोटारीची दोरी ओढली. काही झालं नाही. परत ओढली. मग चोक ओढून ओढली. तेवढ्यात पाठीमागून मराठीत आवाज आला, "सात... आठ... नऊ..." वळून पाहिलं तर उपड्या बादलीवर एक वाळका माणूस जॅकेट घालून बसला होता आणि माझ्या ओढी मोजत होता. इरेला पेटून मी ओढत राहिले. सोळाव्या ओढीला खांदा हातात यायची वेळ आली.

"दमलात?" ते म्हणाले. "मग आता सांगा, दोरीला हात लावायच्या आधी हिला शेवटचं काय केलंत?"

"काही केलं नाही."

"केलंय."

आणि मग मला आठवलं. या मोटारींना एक लाल क्लिप असते. ती चालवणाऱ्याच्या मनगटाला दोरीने बांधलेली असते. माणूस पाण्यात पडला तर क्लिप निघते आणि मोटार बंद होते. ती जागेवर नसेल तर मोटार चालू होत नाही. हात लावण्यापूर्वी क्लिप काढावी असं प्रशिक्षणात शिकवलं होतं, म्हणून मी ती काढून कुर्त्याच्या खिशात टाकली होती. त्यांनी मला ती काढताना पाहिलं होतं. पाहिलं होतं, आणि सोळापर्यंत मोजत बसले! मी खिशातून क्लिप काढली तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "आता लावून उपयोग नाही. बाई पोटभर पेट्रोल प्यायल्यात. अर्धा तास पडू द्या त्यांना."

प्रत्येक मोटारीला ते बाई म्हणायचे. एक नंबरच्या बाई, दोन नंबरच्या बाई. "तीन नंबरच्या बाईंचा प्लग ओला आहे." माणसांना अरेतुरे आणि मोटारींना अहोजाहो. मी एकदा चांगलंच सुनावलं की बंद पडणाऱ्या, हट्ट करणाऱ्या वस्तूला बाई म्हणणं मला चालणार नाही. त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यापुढे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, दोन नंबरचे साहेब आज उठायला तयार नाहीत. धूर फार काढतायत, काम काही नाही." त्यानंतर शेवटपर्यंत साहेबच.

मोटार चालू झाली नाही की जगातला प्रत्येक माणूस दोरी ओढतो. चालू होत नाही म्हणून आणखी जोरात ओढतो. त्यांना या गोष्टीचा मनस्वी तिटकारा होता. तीन ओढी झाल्या की ते दोरीच्या मुठीला फडकं बांधून टाकायचे, जणू तिला जखम झालीय. मग बादलीवर बसायचे आणि तोच प्रश्न विचारायचे. मोटारीला काय झालं, असं त्यांनी कधी विचारलं नाही. तुम्ही तिला शेवटचं काय केलंत, हाच प्रश्न. शेडच्या खिडकीत लोणच्याच्या रिकाम्या बरण्या रांगेत ठेवलेल्या असत, प्रत्येकीत टाकीतून काढलेलं थोडंसं पेट्रोल. बरणी रात्रभर ठेवली की पेट्रोलमध्ये पाणी असेल तर ते तळाशी बसतं. सकाळी बरणी उन्हात धरून ते ज्याने टाकी भरली असेल त्याला बोलवायचे आणि काही न बोलता तळ दाखवायचे. बिचाऱ्याचा चेहरा पडायचा. मला हे बघवत नसे. अहो, सांगा ना सरळ, झाकण उघडं ठेवू नकोस पावसात! एका वाक्यात होणारं काम हा माणूस अर्धा दिवस लांबवायचा आणि समोरच्याला आपल्याच तोंडाने आपली चूक बोलायला लावायचा.

आमच्या कोलकात्यातल्या मराठी लोकांच्या गणपतीतही त्यांनी हेच केलं. बँकेतले, रेल्वेतले, आयटीतले पन्नास-साठ जण जमलो होतो. बालगटाचं गाणं सुरू झालं आणि माइक बंद पडला. चार पुरुष धावले. एकाने माइक ठोकला, दुसऱ्याने वायर हलवली, तिसऱ्याने स्पीकरला थापा मारल्या. मिस्त्रीकाका शेवटच्या रांगेतून उठले आणि मोठ्याने विचारलं, "शेवटचा हात कोणी लावला होता?" पुन्हा विचारलं. अखेर आमचे कार्यवाह, एका बँकेतले बडे अधिकारी, सगळ्यांसमोर कबूल झाले की मोबाइल चार्ज करायला एक प्लग त्यांनी काढला होता. त्यांच्या सौ. पुढे महिनाभर माझ्याशी धड बोलल्या नाहीत, कारण मिस्त्रींना आमंत्रण मी दिलं होतं.

पुतणीच्या लग्नासाठी ते महिनाभर गावी गेले, आणि मला वाटलं, आता मी शाखा माझ्या पद्धतीने चालवते.

पेट्रोलच्या चोरीवर मी उपाय शोधून ठेवला होता. आमच्या बोटींची पेट्रोलची टाकी मोटारीपासून वेगळी असते. लाल प्लॅस्टिकची पेटी, तिच्यातून मोटारीकडे जाणारी रबरी नळी, आणि नळीच्या मध्ये मोसंबीएवढा एक रबरी फुगा. फुगा दाबला की पेट्रोल पुढे जातं. मी ठरवलं की टाकी माझ्यासमोर भरायची, झाकण घट्ट लावायचं आणि त्याला तार ओवून शिशाचं सील ठोकायचं, विजेच्या मीटरला असतं तसं. झाकणावर एक छोटा स्क्रू होता. तार ओवायला दुसरी जागाच नव्हती, म्हणून मी तो स्क्रू घट्ट पिळला आणि त्याच्या कानातूनच तार ओवली. भिंतीवर माझ्या सहीचा कागद लावला: सील तोडणाऱ्यास तात्काळ कामावरून कमी करण्यात येईल. सीलचे फोटो पुण्याला पाठवले. मोठ्या साहेबांनी ते सगळ्या शाखांना पाठवले आणि वर लिहिलं, याला म्हणतात व्यवस्थापन.

पहिल्याच दिवशी, पहिली सीलबंद टाकी घेऊन सुबलदा बोट घेऊन गेला. सुबलदा आमचा सगळ्यात जुना बोटवाला, पन्नाशीचा, बावीस वर्षं त्या नदीवर. बरोबर एक सर्वेअर होता. ऐन ओहोटीत नदीच्या मध्यावर मोटार बंद पडली आणि पुन्हा चालूच होईना. बोट धारेला लागली आणि खाली नांगरून ठेवलेल्या तेलाच्या बार्जवर, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू जहाजावर, आदळली. सर्वेअरचं मनगट मोडलं, खोली मोजायचं यंत्र नदीत गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तीच बोट, तीच मोटार, तीच टाकी घेऊन जेट्टीला बांधूनच दोरी ओढली, आणि मोटार एका ओढीत चालू झाली.

मग काय राहिलं? मोटार ठणठणीत, तर दोष माणसाचा. सुबलदा माझ्यापुढे उभा राहून त्याच्या बंगाली हिंदीत सांगत होता, "मॅडम, सील का लिये टंकी में हावा नहीं जा रहा था. हम जानता था. लेकिन सील कैसे तोड़ेगा, आप का कागज है."

मी हसले. खरंच हसले. म्हटलं, वा, सील लावलं त्याच दिवशी बरा सीलचाच त्रास झाला! चोरी बंद झाल्याचं दुःख बोलतंय, दुसरं काय. तसंच मी पुण्याला कळवलं. सुबलदाला घरी बसवलं आणि साहेब चौकशीला येणार म्हणून निरोप आला. काढून टाकायचं पत्र तयारच होतं, फक्त साहेबांच्या सहीची वाट होती. बावीस वर्षांनंतर, चोर आणि बेजबाबदार असा शिक्का घेऊन, तो माणूस दुसऱ्या कुठल्या बोटीवर उभा राहणार होता?

मिस्त्रीकाका त्याच आठवड्यात परतले. जॅकेट चढवलं, शेडमधल्यांकडून सगळं ऐकलं आणि माझ्यापुढे येऊन बसले. अर्थात बादलीवर.

"मॅडम, त्या टाकीला शेवटचं काय केलं होतं?"

"सील लावलं होतं."

"कुठून?"

"झाकणातून. स्क्रूतून."

ते माझ्याकडे बघत राहिले. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला शंका आली. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल धड पडत नाही, दुसरं भोक पाडावं लागतं, हे माझ्या आईलाही माहीत आहे आणि मलाही. पण साहेब दुसऱ्या दिवशी येणार होते, आणि माझ्या सीलचे फोटो सगळ्या शाखांत फिरले होते. मी ती शंका दाबून टाकली.

साहेब आले. मिस्त्रीकाका त्यांच्यापुढे गेले आणि अतिशय अदबीने म्हणाले की अहवालात मोटारीबद्दल त्यांची सही हवी असेल, तर मोटार त्यांना नदीवर चालवून बघावी लागेल. तीच बोट, तीच टाकी, मॅडमच्या हातचं नवं सील, आणि मोटार सुबलच्याच हातात. साहेब खुशीत होते. म्हणाले, मीही येतो, हुगळीवर एक फेरी होईल.

शेडमधले सगळे काम सोडून जेट्टीवर आले होते. साहेब बघायला नव्हे, बोडोमिस्त्री बोटीत बसतात ते बघायला. त्यांनी आधी एक जॅकेट घातलं होतंच, त्यावर दुसरं घातलं. पायरीवर बराच वेळ उभे राहिले. मग डोळे मिटून बोटीत पाय टाकला आणि एकदम खाली बसले. साहेब हसले. मीही हसले असेन.

मोटार एका ओढीत चालू झाली. साहेबांनी माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. आम्ही काठ सोडला, आठ मिनिटं बोट झकास चालली, साहेबांनी पलीकडच्या ज्यूट मिलचे फोटो काढले. नवव्या मिनिटाला मोटार खोकली, धापा टाकल्या आणि बंद पडली.

ओहोटी होती. बोट हळूच आडवी झाली आणि खाली सरकायला लागली. खाली बार्ज होतीच. सुबलदाने दोनदा दोरी ओढली आणि हात मांडीवर ठेवून बसला. साहेब म्हणाले, "अरे ओढ ना!" मग स्वतः उठले आणि ओढायला लागले. दहा, बारा, पंधरा. मिस्त्रीकाका जागचे हलले नाहीत.

"क्लिप आहे का जागेवर, साहेब?" ते म्हणाले. "आहे. गिअर न्यूट्रलला आहे का? आहे. मॅडम, तो फुगा जरा दाबा."

मी नळीवरचा फुगा दाबला. एरवी दाबून सोडला की तो पुन्हा गोल होतो. हा पिचलेलाच राहिला, आतून कोणीतरी ओढून धरल्यासारखा. टाकीत बाहेरची हवा जायला वाट नव्हती, म्हणून पेट्रोल पुढे सरकत नव्हतं. आठ मिनिटं पुरेल एवढं सरकलं होतं, आणि मग टाकीनेच ते धरून ठेवलं होतं. रात्रभरात कुठून तरी थोडी हवा झिरपली की पुन्हा एका ओढीत चालू. सुबलदाने मला अपघातानंतर शब्दन् शब्द हेच सांगितलं होतं.

"काय झालंय?" साहेब ओरडले. बार्ज आता चांगलीच मोठी दिसायला लागली होती. "मिस्त्री, करा काहीतरी!"

"मला परवानगी नाही, साहेब," मिस्त्रीकाका म्हणाले. "सुबललाही नाही. भिंतीवर कागद आहे. सही मॅडमची आहे."

तिघेही माझ्याकडे बघत होते. मला त्या वेळी इतका संताप आला की हाताशी काही असतं तर मी त्या माणसाच्या डोक्यात घातलं असतं. मी टाकीपुढे गुडघ्यावर बसले. पक्कड नव्हती. त्यांनी मुद्दाम आणली नव्हती, अशी माझी खात्री आहे. मी तार बोटांनी पिळली, वाकवली, परत पिळली. अंगठ्याला चिरा पडल्या. "स्क्रूतून हवा जात नाही," मी साहेबांना ओरडून सांगितलं, "मी बंद केलाय तो, माझ्या सीलने बंद झालाय!" तार तुटली, स्क्रू फिरवला आणि टाकीने सुस्स करून हवा आत ओढली. फुगा माझ्यासमोर गोल झाला. सुबलदाने तो चार वेळा दाबला आणि दोरी ओढली. दुसऱ्या ओढीला मोटार लागली. बार्जच्या अगदी जवळून त्याने बोट वळवली.

तेव्हा माझं लक्ष मिस्त्रीकाकांकडे गेलं. इतका वेळ इतक्या शांत आवाजात बोलणारा हा माणूस दोन्ही हातांनी बोटीची कड धरून बसला होता. बोटं पांढरी पडली होती. जेट्टीला लागल्यावर ती बोटं सुबलदाला एकेक करून सोडवावी लागली.

संध्याकाळी मी त्यांना शेडमध्ये गाठलं. काय वाट्टेल ते बोलले. म्हटलं, आदल्या दिवशीच माहीत होतं तुम्हाला! एका वाक्यात सांगता आलं असतं. चार माणसांचा जीव धोक्यात घालायची काय गरज होती?

"सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं," ते म्हणाले. "शहाण्या आहात. गुपचूप सील काढून टाकलं असतं. पण साहेबांना सांगितलं असतं का?"

नसतं सांगितलं. त्यांनाही ते माहीत होतं, मलाही.

हे असं तोंडावर कोण बोलतं? आणि बोलून झाल्यावर प्लग पुसायला घेतो? मला आजही ते आठवलं की कानशिलं तापतात. माझ्या मनात काय आहे हे माझ्याआधी ठरवून टाकणारे हे कोण? खरं होतं म्हणून काय झालं!

साहेब पुण्याला गेले आणि आठवड्याने पाकीट आलं. सुबलदाला पहिल्या अपघातातून मोकळं करण्यावाचून गत्यंतर नव्हतं, पण साहेबांना नदीत घाबरवल्याचं कोणीतरी भरायला हवं होतं. सीलचा उल्लेख कुठेच नव्हता. पत्रात लिहिलं होतं की मिस्त्री आणि बोटचालक यांनी संगनमत करून, धोक्याची पूर्ण कल्पना असताना, वरिष्ठांना नदीत नेलं. सबब दोघांनाही कामावरून कमी करण्यात यावं. साक्षीदार म्हणून माझी सही हवी होती. त्याच पाकिटात माझ्या पुण्याच्या बदलीचा कागद होता, तारीख न घातलेला. साहेबांनी फोनवर धमकी वगैरे काही दिली नाही. फक्त म्हणाले, दोन्ही कागद एकदमच परत पाठवा.

मी ते पत्र घेऊन बजबजला गेले. का गेले, हे मला आजही नीट सांगता येत नाही. त्यांनी आरडाओरडा करावा, मला नालायक म्हणावं, मग मी तो कागद टराटरा फाडावा, असं काहीतरी मनात असावं. मुलीचा सकाळीच फोन येऊन गेला होता. ती विचारत होती, दिवाळीला येणार का फक्त, की राहायला येणार?

शेडमध्ये दुपारचं ऊन आलं होतं. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला आणि पत्र सावकाश वाचलं. दोनदा वाचलं.

"साहेबांना एक माणूस पाहिजे," ते म्हणाले. "दोन लागणार नाहीत. एकात भागेल त्यांचं. सुबलचं नाव खोडा आणि खाली बारीक सही करा."

"आणि तुमचं?"

"माझं राहू द्या. मी त्याला सांगितलं बस म्हणून, म्हणून तो बसला. संगनमत कसलं त्यात?"

"मिस्त्रीकाका, मी सही करणार नाही."

मला वाटलं होतं, ते म्हणतील, नका करू. किंवा म्हणतील, कराल तर याद राखा. काहीतरी म्हणायला हवं होतं त्यांनी! आयुष्यभर प्रत्येकाला त्याची चूक त्याच्याच तोंडून बोलायला लावणाऱ्या माणसाने त्या दिवशी मला एकही प्रश्न विचारला नाही. खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि माझ्यापुढे धरलं. हाताला ग्रीसचा वास येत होता.

मी सुबलदाचं नाव खोडलं. त्यांचं ठेवलं. खाली सही केली.

त्यांनी कागदाची नीट घडी घातली, पाकिटात सरकवली आणि पाकीट माझ्या हातात दिलं.

"पाच दहाची लोकल आहे तुमची," ते म्हणाले. "निघा आता."